वल्ह्याचा मासा

विश्वाचा सगळा कारभार तोलावर चालतो. ग्रह, समुद्र, राज्यं, सगळं तोलावर उभं आहे, असं बुधाजीनं भर दुपारी बाल्कनीत जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्याचा लाकडी मासा टपात आडवा होऊन पोट दाखवू लागला.

"राज्यं ऱ्हाऊ दे," आतून त्याची बायको हौसा म्हणाली. "माजा कपड्यांचा टप कवा देनार तुमी?"

बुधाजीचं डोकं आधीच तापलेलं होतं. पनवेलच्या खाडीचा एक फाटा त्याच्या इमारतीमागे कसाबसा उरला होता, आणि त्यात मातीचे डंपर रिकामे करत होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, कुंदन. बापाची होडी त्याच मातीखाली गेली. बुधाजीनं भांडून फक्त वल्हं ओढून आणलं.

"त्या पान्यात मासा नाय उरला, दादा, नुस्ता गाळ," कुंदन चारचौघांत हसला होता. "एक जिताडा काढून दाव, भराव थांबवतो."

म्हणून गळाला आमिष म्हणून हा मासा, त्याच वल्ह्यातून कोरलेला. जिताड्यानं फसून झडप घालायची तर तो पाण्यात सरळ राहायला हवा. त्यासाठी पोटात भोक पाडून जाळ्याच्या शिशाचे तुकडे भरायचे, मेणानं भोक बुजवायचं आणि टपात सोडून बघायचं.

मासा डावीकडे कलला. बुधाजीनं उजवीकडे शिसं वाढवलं. तरी डावीकडेच. चिडून त्यानं मासा उलट्या दिशेनं तोंड करून सोडला, तर तो उजवीकडे कलला. म्हणजे खोट माशात नव्हती. तो दर वेळी भरावाकडेच झुकत होता.

कुंदनच्या नावानं दोन शिव्या हासडून बुधाजीनं सगळं शिसं उपसलं आणि नुसतं लाकूड पाण्यात आपटलं.

ते बुडालं. तळाच्या बोटभर वर थांबलं, सरळ झालं. शेपटी हलली.

पाण्याला गाळाचा वास येऊ लागला होता. नळाचं पाणी असल्यामुळे बुधाजीला त्यात विशेष काही वाटलं नाही.

तेवढ्यात कुंदन आला, हातात पेढ्यांचा पुडा. फाट्याचं उरलेलं तोंड आज बुजणार होतं.

"तोंड गोड कर, दादा. आनि ह्यो काय? ह्या खेळन्यानं जिताडा धरनार?"

"हात नको लावू."

कुंदननं लावला. माशाला बांधलेला नायलॉनचा दोरा बोटाभोवती गुंडाळून त्यानं एक झटका दिला.

मासा खाली गेला.

टप वीतभर खोल होता. मासा तळाशी थांबला नाही.

कुंदनचं मनगट पाण्यात गेलं. मग कोपर.

"भंकस पुरे," बुधाजी ओरडला. "हात काढ वर!"

"मी नाय वढत, दादा."

पेढे फरशीवर घरंगळले. कुंदन गुडघ्यांवर आला. त्याचा खांदा पाण्याला टेकला. टपाखालची फरशी कोरडी होती.

टपाचा निळा तळ स्वच्छ दिसत होता. हात दिसत नव्हता.

बुधाजीचा राग मात्र अजून उतरला नव्हता. त्यानं वाकून विचारलं, "मासा हाय का नाय?"

"हाय."

"भराव?"

"थांबवला."

कुंदनचा गाल आता पाण्याला लागला होता. तो अगदी हळू, जणू खाली कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,

"दादा, जरा कात्री देतोस?"