डाव्या बाजूची जागा

मेढ्याच्या वाटेवरचं लॉन म्हणतोस का, शिवतेज? पाण्याकडेला पांढरी कमान आहे तेच ना? धर की. फोटो असे येतात तिथं, की नवरा-नवरी घरच्यांनाही ओळखू येत नाहीत. पण नक्की करायच्या आधी एवढं ऐकून घे. आणि तुम्हीही ते मोबाईल खिशात घाला जरा. मी ऐकीव सांगत नाही. त्या संध्याकाळी तिथं कॅमेरा धरून उभा होता तो ऋषिराज माझ्या मेव्हण्याचा पोरगा, आणि पदरचं काही घालून सांगायची अक्कल देवानं त्याला दिलेली नाही.

आपल्या मळ्यातल्या हरणाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा वीरधवल. त्याचं पहिलं लग्न लॉकडाऊनात झालं, संयोगिता नावाच्या पोरीशी. अंगणात मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी, फोटोवाला यायला तयार नाही. कुणीतरी मोबाईलवर एक फोटो काढला, त्यात अंतरपाटच जास्त दिसतो. पोरीला फोटोची हौस फार, ती हिरमुसली. वीरधवलनं समजूत काढली, की हे सगळं निवळू दे, तू शालू नेस, मी फेटा बांधतो, झकास जागा बघून आपण परत फोटो काढू. तसा शब्दच दिला त्यानं. पुढच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि पोर गेली.

मग काही वर्षांनी साताऱ्याची प्रियदर्शनी सांगून आली. पोरगी शिकलेली, दिसायला चांगली, मनानं वाईट नव्हे. पण पहिलीचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरायचा. मला तिचं चुकलं असं वाटत नाही. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं, गेलेल्या बाईशी काय भांडणार? ती आपली सारखी विचारायची. या दुकानात संयोगिता आली होती का? मग इथं शालू घ्यायचा नाही. या हॉटेलात तुम्ही दोघं जेवला होता का? मग दुसरीकडं चला. कार्यालयाचंही तेच. जिथं तिचं पाऊल पडलेलं नाही अशीच जागा पाहिजे, आणि फोटो असे पाहिजेत की घरात दुसऱ्या कुणाची आठवण निघू नये.

त्यापायी ऋषिराजला बरोबर घेऊन त्यांनी सातारा-सांगली पालथी घातली. एका हॉलचं छत निळ्या पत्र्याचं, त्यात माणसं आजारी दिसायची. दुसऱ्यात स्टेजवर मालकाच्या वडिलांची एवढी मोठी तसबीर, की प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या मध्ये म्हातारा. शेवटी हे लॉन सापडलं. मागं कण्हेर धरणाचं पाणी, पलीकडं डोंगर, विजेची एक तार मध्ये नाही. प्रियदर्शनी हरखली. वीरधवलनं मान हलवली, पण बोलला काही नाही. ऋषिराज म्हणतो, मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं.

आता आपल्यातली रीत. पहिली बायको गेली असली, की दुसरीनं गळ्यात तिचा चांदीचा टाक घालायचा. छोटा ठसा असतो, देवातल्या टाकासारखा. पहिलं हळदीकुंकू तिला, मग हिनं लावून घ्यायचं, म्हणजे गेलेलीचा मान राहतो. हरणाबाईंनी तो टाक हौसेनं घडवून आणला होता. प्रियदर्शनीनं बघितला आणि परत डबीत ठेवला. म्हणाली, गळ्याशी हे आलं तर सगळे फोटो बिघडतील, लग्नानंतर बघू. हरणाबाईंनी लेकाकडं पाहिलं. लेक खाली बघत होता.

लग्न गोरज मुहूर्ताचं. म्हणून उजेड कसा पडतो ते त्याच वेळेला बघायचं ठरलं. दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष, अमावास्येच्या आधीचा रविवार. वीरधवल, प्रियदर्शनी, हरणाबाई आणि ऋषिराज असे चौघं गाडीनं गेले. लॉन रिकामं होतं, मालक किल्ली देऊन घरी गेलेला. हरणाबाई खुर्ची ओढून बसल्या. प्रियदर्शनी कमानीखाली वीरधवलच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली, तर त्यांनी तिला टोकलं.

"तितं नगं, बाळ. ती बायकूची जागा. लगीन लागस्तवर उजव्या अंगाला ऱ्हायाचं."

प्रियदर्शनी उजवीकडं गेली. पण तोंड आंबट झालं तिचं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणसाचा चेहरा आला की त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटते. मोबाईलमध्ये येते बघा, तशीच. ऋषिराजनं कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी काचेकडं पाहिलं. एक चौकट वीरधवलच्या चेहऱ्यावर. एक प्रियदर्शनीच्या. आणि एक वीरधवलच्या डाव्या अंगाला, त्याच्या खांद्याच्या उंचीवर.

तिथं कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, कमानीवरच्या नक्षीला कॅमेरा चेहरा समजतोय. काच पुसली. कॅमेरा बंद करून चालू केला. चौकटी तीनच. त्यानं वीरधवलला दोन पावलं पुढं यायला सांगितलं. वीरधवल आला, प्रियदर्शनी आली... आणि ती तिसरी चौकटही आली. बरोबर डाव्या अंगानं. चालत्या माणसासारखी, जराशी वर-खाली होत.

उजेड चालला होता. पाणी काळं पडलं. तो म्हणाला, "दादा, उद्या येऊया का?"

प्रियदर्शनीनं त्याच्या हातातल्या काचेत डोकावून पाहिलं. वीरधवलनंही पाहिलं. कमानीखाली आता कुणीच नव्हतं, तरी ती एक चौकट तिथं तशीच होती. मग वीरधवल तिथंच गवतावर खाली बसला. म्हणाला, "आई, तिनंच पसंत केल्याली ही जागा. महाबळेश्वरास्नं येताना. तवा नुस्ती कमान उभी केल्याली. म्हणली, आपलं फोटू हितंच काढायचं. मी व्हय म्हणलो हुतो."

प्रियदर्शनी पांढरीफटक पडली. भीतीनं नव्हे... रागानं. एवढी हिंडून, एवढं पारखून, जी एक जागा तिनं स्वतःची म्हणून निवडली, तीही दुसरीचीच निघाली. ती तडक गेली आणि कमानीखाली डाव्या बाजूला उभी राहिली. त्याच ठिकाणी.

"काढ रे माझा फोटो."

ऋषिराजनं काचेत पाहिलं. चौकट एकच. प्रियदर्शनीच्या चेहऱ्यावर. हलली. परत स्थिर झाली. मग...

मग प्रियदर्शनी बाजूला सरकली. स्वतःहून नव्हे. पंगतीत जागा करून घेताना बाई दुसरीला खांद्यानं जरा सारते ना... तसं. हळूच. पण ठाम.

हरणाबाईंनी हात जोडले.

प्रियदर्शनी खांदा धरून उभी. वारा नाही. आवाज नाही. काचेत चौकटी दोन... दोघींच्या.

वीरधवल उठला. ऋषिराजजवळ आला. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "एक काढ गड्या. मी तितं हुबा ऱ्हातो. येकच. मी तिला कबूल केलं हुतं."

ऋषिराजचं बोट बटणावर गेलं.

"काढलास तर लग्न मोडलं," प्रियदर्शनी म्हणाली. ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या. "अहो, मी जिवंत आहे. माझ्याकडं बघा की कधीतरी."

वीरधवल कमानीकडं बघत राहिला. मग त्यानं प्रियदर्शनीकडं बघितलं.

शेवटी त्यानं हात लांब केला आणि कॅमेऱ्याची काच तळव्यानं झाकली. म्हणाला, "चल." प्रियदर्शनीचा हात धरून तो गाडीकडं गेला. एकदाही मागं वळला नाही. ऋषिराज सामान गोळा करत मागं राहिला होता. कॅमेरा बंद करताना त्याची नजर काचेवर गेली. कमानीखाली चौकट होती. एकटीच. हलत नव्हती.

लग्न सांगलीत झालं, चारी बाजूंनी बंद हॉलमध्ये. प्रियदर्शनीनं टाक आपण होऊन मागून घेतला आणि शालूच्या वर, दिसेल असा घातला. संसार नीट चाललाय, गेल्या वर्षी मुलगी झाली. तेवढं एक मात्र आहे, मेढ्याकडं कुणाचंही लग्न निघालं तरी वीरधवल जात नाही.

तुला जायचंय तर जा, शिवतेज. जागेत दोष काढायला जागा नाही. फक्त त्या कमानीखाली गवताचा एक तुकडा वाळलेला आहे. मालकानं दोनदा उपटून नवं लावलं, माती बदलली. चहूकडं हिरवंगार होतं, तेवढं उगवत नाही. मी स्वतः वाकून पाहिलंय. लहानशी दोन पावलं आहेत, शेजारी शेजारी, बाईमाणसाची. बोटं कॅमेऱ्याकडं.

आणि त्यांच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा आहे, नवऱ्याची. तिथलं गवत जरासं दबलेलं असतं, रोज सकाळी.