मागची सीट

"आई, चावी दी!"

निहारच्या ओरडण्याने पद्मावती दचकली, पण मुठीतली चावी तिने सोडली नाही. लेक दहावी पास झाला म्हणून त्याच्या वडिलांनी, कृष्णनाथांनी, मोठ्या हौसेने स्कूटर आणली होती... आणि ही माउली आडवी उभी!

"अठरा वर्सां जावंदी, लायसन येवंदी. मागीर तुजीच."

"सगळे चलयतात गो! एक तूंच म्हजी दुस्मान!"

दुश्मन! त्या शब्दाने तिचं काळीज चिरलं. भिंतीवरच्या फोटोत तिचा धाकटा भाऊ शंभू हसत होता... पंधराव्या वर्षी बापाची मोटरसायकल घेऊन निघालेला, सुर्ल्याच्या वाटेवर खनिजाच्या ट्रकखाली गेलेला. तेव्हापासून पद्मावती दुचाकीला हात लावत नसे.

"मागीर कॉलेजाक कसो वचूं? चलत?"

"हांव व्हरतां तुका," मी नेते तुला, असं ती बोलून गेली आणि स्वतःच हादरली!

चाळिशी उलटलेली ही बाई मुळगावच्या मैदानात स्कूटर शिकू लागली. कृष्णनाथ धापा टाकत मागे धावायचे. पडली, कोपरं सोलवटली, ती तिने पदराखाली झाकली, पण लायसन मिळवलंच! मग रोज लेकाला मागे बसवून डिचोलीच्या कॉलेजला नेऊ लागली. नाक्यावर त्याचा मित्र गौरेश हमखास ओरडे, "आयलो रे, आवयच्या फाटल्यान बसपी!" आईच्या मागे बसणारा! निहार मान खाली घाली आणि घरी आल्यावर आईशी चकार शब्द बोलत नसे. ती अश्रू गिळी. रुसू दे, रागावू दे... डोळ्यांसमोर तर आहे!

निहारला अठरा वर्षं पूर्ण झाली. शिकाऊ लायसन काढून तो वडिलांबरोबर सराव करू लागला, आणि आज लायसनची परीक्षा पास होऊन घरी आला. स्कूटरला झेंडूचा हार चढला. पद्मावतीने चावी पुढे केली.

त्याने ती घेतली नाही. तो तिच्या पायांशीच बसला!

"आई, शिकतना पयल्या दिसा बाजून ट्रक गेलो तेन्ना म्हजे हात कांपले गो... तुका तर दर दिसा शंभूमामा दिसतालो आसतलो! तरी तूं म्हाका व्हरताली... आनी हांवें तुका दुस्मान म्हणलें!"

"उठ रे पुता..." तिने त्याला खांद्याला धरून उठवलं. दोन वर्षांचं दुःख डोळ्यांतून घळाघळा वाहून गेलं.

निहारने स्वतःच्या हाताने तिच्या हेल्मेटचा पट्टा लावला. "आज तूंच चलय."

नाक्यावर गौरेश उभाच होता. त्याने तोंड उघडण्याआधीच निहार मागच्या सीटवरून छाती फुगवून गरजला, "आयलो रे, आवयच्या फाटल्यान बसपी!"

आणि पद्मावतीने, आयुष्यात पहिल्यांदाच, काही कारण नसताना जोरात हॉर्न वाजवला!