एकच शाबूत नाक

तिसऱ्या मजल्यावर सतरा खोल्या, चौतीस मुली, दोन गिझर, अकरा विजेच्या शेगड्या आणि एकच शाबूत नाक होतं.

नाक फिरदोस सतारमेकरचं. सकाळी तिच्या दारात मुली उभ्या असायच्या; कुणाच्या हातात दुधाची पिशवी, कुणाच्या हातात कालचा कुडता. फिरदोस एकेक वस्तू हुंगून निकाल द्यायची.

"चहाला चालेल, खिरीला नको."

"आणि हा?"

"बाई, हा घालून परीक्षेला बसलीस तर मागच्या बाकावरची आपोआप नापास होईल."

वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर असा एक 'हुंग्या' असायचा. बदल्यात मजल्याकडून त्याला रोजचा चहा मिळायचा.

बाकीच्या तेहेतीस जणी पेशीदात्या होत्या. नाकाच्या आत, अगदी वर, नखाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा मेल्या की गेल्या. या मात्र जन्मभर नव्याने उगवत राहतात. त्यांच्या धाग्यांना वाट दाखवणाऱ्या मदतनीस पेशीही तिथेच असतात. त्या वाढवून मणका मोडलेल्या रुग्णाच्या पाठीत सोडल्या, की तुटलेल्या मज्जारज्जूतून पुन्हा धागे फुटू लागतात. त्यांना मागणी प्रचंड होती. म्हणून विद्यापीठाने फी भरायचा दुसरा रस्ता काढला होता: नाकातल्या अस्तराचा तुकडा द्या आणि फी माफ करून घ्या. याला 'पेशीशुल्क' म्हणत. तुकडा दिला की वास जायचा, अस्तर उगवलं की परत यायचा. आधी त्याला सहा महिने लागत, आणि वर्षाच्या फीला दोन तुकडे पुरत. प्रयोगशाळेने सहाचे चार महिने केले. त्याच वर्षी फी वाढली आणि तीन तुकडे लागू लागले.

फिरदोसचे अब्बा मिरजेत तंबोरे बनवायचे आणि फी रोख भरायचे. या जूनमध्ये ती पुन्हा वाढली. फिरदोसचं कायद्याचं शेवटचं वर्ष होतं.

"अब्बा वाळवलेले भोपळे विकायचं म्हणतात," ती शरयूला म्हणाली. "भोपळे गेले की पुढची दोन वर्षं तंबोरा कशाचा करणार, दुधीचा?"

शरयू साळोखे तिची खोलीतली जोडीदार. डॉ. उपाध्ये यांच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी. करत होती, आणि तिचा विषय होता अस्तर लवकर उगवणारं नवं जेल. फिरदोस तिथेच तिच्यासमोर स्टुलावर बसली होती.

"खरं सांग. वास परत येतो?"

"शंभर टक्के." शरयूने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "बावीस मुली. तुकडा घ्यायच्या आधी प्रत्येकीला अठ्ठेचाळीस कुप्या हुंगायला दिल्या, किती ओळखल्या ते टिपलं. मग तुकडा घेऊन जेल लावलं. चाळीस दिवसांनी पुन्हा त्याच कुप्या. आधी जेवढ्या ओळखल्या, नंतर तेवढ्याच."

"मग तुम्ही सगळ्या माझ्या दारात का उभ्या असता गं?"

"कुणाची ना कुणाची वाढ चालूच असते."

"तुझा तर गेल्या महिन्यात परत आला."

"आला की."

"तरी दूध घेऊन येतेस."

"सवय," शरयू म्हणाली.

डॉ. उपाध्ये आत आल्या. फिरदोसने त्यांनाही सोडलं नाही. "डॉक्टर, तुम्ही दिवस कमी करता आणि ते फी वाढवतात. आता चाळीस दिवस. म्हणजे वर्षाला नऊ तुकडे?"

"फी समिती ठरवते. मी पेशी मोजते." त्या खुर्ची ओढून बसल्या. "खालच्या वॉर्डात बावीस वर्षांचा मुलगा आहे. कबड्डीत मान मोडली. त्याच्यासाठी कुणाच्या तरी पेशी लागणारच आहेत. मी तुला आग्रह करणार नाही."

फिरदोस शरयूकडे वळली. "तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी आठ वेळा दिलाय."

"ते नाही विचारलं."

"दिला असता," शरयू म्हणाली.

फी भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी शरयूने तिच्यापुढे कुप्या मांडल्या. फिरदोस डोळे मिटून एकेक हुंगत गेली. हिंग. ओली माती. जुनं पुस्तक. खोबरेल, पण खवट. अठ्ठेचाळीसपैकी तिने सेहेचाळीस ओळखल्या.

शरयूने कुप्यांची झाकणं तपासली. मग जुने आकडे काढले. बावीस मुलींपैकी एकीचाही आकडा एकवीसच्या वर नव्हता. तिने 'आधी' आणि 'नंतर'चे रकाने दोनदा वाचले आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हिचे सेहेचाळीस आलेत."

"हुंग्या आहे ना ती? सराव असतो," डॉ. उपाध्ये हातमोजे चढवत म्हणाल्या. "अत्तरवाल्यांचंही असंच असतं."

ते पटण्यासारखं होतं. शरयूला आणखी एक विचारायचं होतं: त्या बावीस जणींचा पहिला तुकडा घ्यायच्या आधी, म्हणजे कोऱ्या नाकाचा, आकडा कुणी घेतला होता का? पण बाहेर परिचारिका फिरदोसचं नाव पुकारत होती, आणि फीचा काउंटर पाचला बंद होणार होता. फिरदोसने जाता जाता शरयूच्या डोक्यावर टपली मारली. "चेहरा असा काय? नाक माझं जातंय."

चाळीस दिवस मजल्यावर कुणी हुंग्या नव्हता. मुली दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचू लागल्या.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी फिरदोस स्वतःच प्रयोगशाळेत आली. खुशीत होती. "आला गं. कालपासून कॉफी कळतेय. पूर्ण आला."

"बस," शरयू म्हणाली आणि तिने कुप्या मांडल्या.

फिरदोस हुंगत गेली. काही कुप्यांपाशी ती थांबली, झाकण परत लावून पुढे सरकली. "यात पाणी ठेवलंयस, मला फसवायला," एकदा म्हणाली. शरयूने पुढची कुपी तिच्यापुढे सरकवली. शेवटची कुपी झाल्यावर तिने आकडा टिपला. मग स्टुलावर स्वतः बसली, डोळे मिटले, आणि कुप्यांचा ट्रे फिरदोसच्या हातात दिला.

फिरदोस, आधी : सेहेचाळीस.

फिरदोस, नंतर : एकोणीस.

शरयू : अठरा.