चौदा नंबर

सांगते, पण मधे बोलू नका. माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या भोईवाड्याला माहीत आहे, उगाच तुमच्यावर निघायची.

जानेवारीतला रविवार. आमच्या चाळीच्या मंडळाने कर्जतकडच्या एका डोंगरावर एक दिवसाचा ट्रेक ठरवला होता. आम्ही पंधरा जण. सगळ्यांत पुढे हितेंद्र, सगळ्यांत शेवटी इरावती. इरा आणि मी पहिलीपासून एका बाकावरच्या. आता तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, माझी तिसऱ्या. हितेंद्रचा नियम एकच. दर टप्प्यावर प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा, आणि एक जरी कमी भरला तर सगळ्यांनी खाली उतरायचं. माझा नंबर चौदा, इराचा पंधरा.

वाट अगदी अंगावर येणारी. दोन्ही बाजूंना कारवी, वर झाडांचं छप्पर, पायाखाली वाळका पाला. दहाच्या सुमारास माझा पाय मुरगळला. इराने घोटा चाचपून बघितला, मग वर बघितलं. मागच्या दोन्ही वर्षी ट्रेकला माझ्याच गुडघ्यापायी सगळे अर्ध्यातून उतरले होते, तिला माथा दिसला नव्हता.

"बस इथेच. वर हितेंद्रला सांगते आणि येते. दहा मिन्टं."

"नक्की ना?"

"पद्मे, तुला सोडून जाईन का मी?"

गेली. थोड्या वेळाने वरून मोजणी ऐकू आली. तेरा... चौदा... पंधरा. चौदा माझ्या आवाजात! मला हसूच आलं. शाळेत मी दांडी मारली की माझी हजेरी इराच लावायची, हुबेहूब माझा आवाज काढून. म्हटलं, सगळ्यांचा विरस नको म्हणून केलं असेल. येईल आता.

दहा मिनिटांचा तास झाला. पाखरं गप्प झाली. पाल्याला न वाळलेल्या कपड्यांसारखा कुबट वास यायला लागला. मोबाइलला रेंज नव्हती. आणि मग खूप वरून पुन्हा मोजणी आली. बारा... तेरा... आणि चौदा, पंधरा एकदम, एकमेकांवर चढून.

एका तोंडातून दोन आकडे एकदम निघत नाहीत हो. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. वरून कोणी ओ दिली नाही.

तीन वाजता एक फांदी काठीला घेतली आणि बसत, घसरत उतरले. पायथ्याशी आमची बस नव्हती.

"गेली की मघाशीच," टपरीवाला म्हणाला. "पंधरा चहा दिले. त्यांच्यात तुमची भैन होती का? सेम तुमच्यासारखी."

खाली रेंज आली. इराला सात फोन केले, तिने एकही उचलला नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण मला नुसता राग येत होता. साडेआठला लंगडत तिच्या दारात उभी राहिले. तिने वीतभर दार उघडलं आणि पांढरीफटक पडली.

"तू..."

"हो, मी. माझा नंबर लावून मजेत वर गेलीस ना?"

"पहिल्यांदा मीच बोलले, शप्पथ. दुसऱ्या वेळी... मी चौदा म्हणणार, तोच कोणीतरी म्हणायला लागलं. माझ्या मागून. दचकून मी त्यावरच पंधरा ओरडले आणि वळले, तर तू उभी."

"आणि तुला वाटलं, ती मीच?"



"नाही. ती लंगडत नव्हती. कळलं मला. पण मोजणी भरली होती, पद्मे..."

कळलं होतं! कळलं होतं, आणि तरी ती माथ्यावर गेली, खाली उतरली, माझ्या जागी बसलेल्या त्या कोणाच्या तरी शेजारी बसून घरी आली. पस्तीस वर्षांच्या मैत्रीवर मला थुंकावंसं वाटलं.

"ती रागावली नाही गं," इरा कुजबुजली. "तुला टाकून आले, तरी एका शब्दाने बोलली नाही मला. सगळ्या रस्ताभर माझा हात धरून होती."

आत ताटात वाटी ठेवल्याचा आवाज झाला. मग माझाच आवाज आला, पण इतका मऊ, की मी जन्मात कधी काढला नसेल.

"इरा, कोण आलंय गं?"

इराने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि तिने आतून कडी घातली.