दुखत असतानाच या

लिफ्टचं दार मिटता मिटता सर्जन दोग्योम आत घुसला आणि पोट धरून मटकन खाली बसला. कोरियातल्या मोकपो शहरातल्या त्या इस्पितळात स्कॅन वाचणारी डॉक्टर नारे कोपऱ्यात उभी होती. घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने आधी त्याचे अंगठे पाहिले — दोन्हींवर सुईचे ठिपके!

"टोचून घेतलंत?"

"आईने टोचलं. अन्न अडकलंय म्हणते... अंगठ्यातून काळं रक्त गेलं की पोट मोकळं होतं, हा तिचा जुना उपाय."

"रोज लोकांची पोटं उघडता, आणि स्वतःच्या पोटासाठी अंगठा? धन्य आहे!"

"आईपुढे कसला आलाय सर्जन?" तो हसला. उकिडवं बसल्याबरोबर कळ ओसरली होती. नारेच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी स्कॅन काढला, तर तो स्वच्छ.

"बघा, आईच बरोबर!"

"चोर पळाल्यावर झडती घेऊन काय उपयोग? आतडं कुठेतरी शिरतंय आणि आपसूक सुटतंय. एकदा सुटलं नाही, तर जिवावर बेतेल. पुढच्या वेळी दुखत असतानाच या. आधी मला फोन."

"आणि नुसतंच... बोलावंसं वाटलं तर?"

"तर दुखतंय म्हणायचं नाही."

मग तो न दुखताच कॉफी घेऊन यायला लागला. तीही वाट बघायची, पण कबूल कोण करतंय!

एका दुपारी फोन आला. "नारे... आलीय कळ." डॉक्टर वगैरे काही नाही, नुसतं नारे.

तिने त्याला तसंच, कळवळत असताना, स्कॅनच्या यंत्रात घातलं. पडद्यावर लहान आतड्याची वेटोळी डावीकडे, गाठोड्यात कोंबल्यासारखी. जन्मापासून असलेल्या एका खाचेत आतडं शिरून अडकलं होतं.

"अंतर्गत हर्निया. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन." आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. विभागप्रमुखांना फोन लावताना मात्र तिने दोनदा चुकीचा नंबर दाबला.

"नंबर चुकतोय तुझा..."

"गप्प पडा."

विभागप्रमुखांनी ऑपरेशन केलं. आतडं काळं पडायच्या आत सुटलं. आता सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. नर्स विचारत, आई विचारे, शेजारच्या खाटेवरचे आजोबाही विचारत. नारे तेवढी विचारत नव्हती. ती खालच्या मजल्यावर बसून दुसऱ्यांचे स्कॅन वाचत होती, आणि एकेक स्कॅन दोनदोनदा वाचत होती.

सकाळी फोन वाजला.

"सरला!"

"मग नर्सला सांगा ना."

"अजून कुणालाच नाही सांगितलं... आईलाही नाही. पहिलं तुला."

नारे हसायला लागली आणि हसता हसता तिला रडूच फुटलं.

"दोग्योम," ती नाक ओढत म्हणाली, "पहिली पेज मी भरवणार. आईंना सांगून ठेव."