चंद्र वाकडा आहे

"अहो दादा, तुमचा चंद्र वाकडा आहे!"

शिडीवरचा माणूस गर्रकन वळला. त्याच्या तोंडात दोन खिळे होते आणि हातात प्लायवूडचा चंदेरी चंद्र. खारघरमधला हॉल, डोहाळे जेवणाचं स्टेज, आणि मी फुलांच्या दागिन्यांचा डबा पोटाशी धरून दारात उभी.

त्याने खिळे हातात घेतले. "चंद्र वाकडाच असतो. सरळ असतो त्याला ट्यूबलाइट बोलतात."

मी हसले. हसायचं नव्हतं खरं तर.

"आनि दादा नको बोलू," खाली उतरत तो म्हणाला. "रूपेश नाव हाय."

"का? दादा म्हटलेलं चालत नाही?"

"बाकी कोनीपन बोलू दे… तू नको."

मी डबा टेबलावर ठेवला आणि उगाचच झाकण पुसत बसले.

मी सुनयना. राहते कळंबोलीत, वडील लोखंड बाजारात माथाडी. घरी बसून मोगरा-शेवंतीचे दागिने करते. बाजूबंद, कमरपट्टा, मुकुट, छोटं धनुष्यबाण. दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये डबा पोहोचवायचा आणि दागिने नीट लावून द्यायचे. रूपेश तळोज्याजवळच्या गावातला, डेकोरेशनवाला. झोपाळा त्याचा, फुलं माझी. त्यामुळे भेटी होतच राहिल्या.

काय काय पाहिलं आम्ही! आईच्या वेळी म्हणे पाच बायका यायच्या, एक हिरवी साडी आणि पोरीला आवडेल ते जेवण, की झालं. आता फोटोशूट वेगळं, मेहंदी वेगळी, संध्याकाळचा केक वेगळा. निमंत्रणाखाली गिफ्टची यादी, बाबागाडी कुठल्या रंगाची हवी तेसुद्धा लिहिलेलं. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती सुजलेले पाय साडीत लपवून झोपाळ्यावर हसत बसलेली.

"आपलं होईल तेव्हा असलं काय नको," एकदा रूपेश सहज बोलून गेला.

"आपलं?"

तो लाल झाला. "म्हंजे… माझं. म्हंजे ज्याचं त्याचं."

"ट्यूबलाइट," मी म्हणाले. तो इतका हसला की शिडी हलली.

त्याच आठवड्यात मी त्याला सगळं सांगून टाकलं. सेंट्रल पार्कच्या बाहेर चहा पीत होतो. माझं लग्न झालं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. माझंही डोहाळे जेवण झालं होतं, चार वर्षांपूर्वी, दोनशे माणसांचं. असाच झोपाळा, असाच चंद्र. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. जेवून गेलेल्या दोनशे माणसांपैकी दवाखान्यात फक्त आई-बाबा होते. त्यानंतर सासरी माझ्या हातचं पाणीसुद्धा जड झालं आणि मी फारकत घेऊन माहेरी आले. आलेली गिफ्टं माळ्यावर तशीच आहेत, कागदसुद्धा न फाडलेली.

रूपेशने माझ्या हातातला गार झालेला कप काढून घेतला. स्वतःचा गरम कप माझ्या हातात दिला.

"टेन्शन नको घेऊ. मी हाय ना," तो म्हणाला. "पन बाळाचं आत्ता कोनाला सांगू नको. अस्मिताचं डोहाळे जेवन पार पडू दे, मग आईला मी सांगतो."

अस्मिता त्याची धाकटी बहीण, सातवा लागलेला. तिचे दागिने मी करायचे आणि मीच घालायचे, असं त्याच्या आईने, मालतीबाईंनी, स्वतः सांगितलं होतं. मला घरी बोलावून भाकरी-कालवण वाढलं होतं. "पोरीच्या हाताला गुन हाय," असं माझ्यादेखत रूपेशला म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर मी महिनाभर तरंगत होते. त्या घरात जायचं, या माणसाचं व्हायचं, याशिवाय मला दुसरं काहीच नको होतं.

अस्मिताच्या सासरच्यांनी चारशे माणसं बोलावली होती. माइकवाला माहेरच्या एकेका भेटीचं नाव पुकारत होता. सोन्याचा करगोटा, चांदीचा वाळा, सागवानी पाळणा… प्रत्येक नावाला टाळ्या. पाळण्याच्या वेळी मालतीबाई स्टेजवर ताठ उभ्या होत्या. व्याह्यांनी पाळणा सागवानीच हवा म्हणून कळवलं होतं. रूपेश कडेला शिडीवर, चंद्रापाशी.

मी बाजूबंद हातात घेतला. अस्मिताने हात पुढे केला. इतक्यात समोरून एक बाई वर आल्या. कळंबोलीतल्या आमच्याच बिल्डिंगमधल्या सरस्वती मावशी.

"अगं मालती, ही तर आमची सुनयना!" त्यांनी आवाज खाली आणला, पण कॉलरला माइक लावलेला निवेदक शेजारीच होता. "हिचं आठव्यात गेलं ना गं… तू हिच्या हातून घालून घेतेस?"

सगळ्या हॉलने ऐकलं.

मालतीबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून बाजूबंद हळूच काढून घेतला. "राहू दे पोरी. दुसरं कोनतरी घालंल."

झोपाळा नवा, लाइट नवे, केक तीन मजली. जुनं म्हणून एवढंच शिल्लक ठेवलं होतं त्यांनी.

मी रूपेशकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. एक क्षण… दोन क्षण… 'मी हाय ना' म्हणायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मग त्याने तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी चंद्र नीट करू लागला.

त्या दिवशी चंद्र अगदी सरळ होता.

मी मागच्या दाराने पार्किंगमध्ये आले. स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही. किती वेळ तशीच बसले, माहीत नाही. मग अनवाणी पावलांचा आवाज आला. अस्मिता! मुकुट कानावर घसरलेला, कमरपट्टा उलटा.

"नीट लाव ना गं हे. टोचतंय मला."

"वर जा तू. तुझ्या आई रागावतील."

"चारशे मानसांनी आशीर्वाद दिला, पन पानी हवंय का, कोनी विचारलं नाय." ती स्कूटरला टेकली. तिला उभं राहवत नव्हतं.

मी बाटली दिली. ती घटाघटा प्यायली. मी कमरपट्टा सुलटा केला, मुकुटाची तार वळवली. निघताना तिने पदर पसरला.

"ओटी भर."

"अस्मिता, नको…"

"भर बोलते ना."

डब्यात शेवंती उरली होती. ओंजळभर तिच्या पदरात घातली. आम्ही दोघी रडलो, अगदी मोठ्याने.

तीन दिवसांनी रूपेश कळंबोलीला आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. पाहिल्याबरोबर राग विरघळला माझा, खोटं कशाला सांगू?

"चुकलं माझं. त्या टायमाला काय सुचलंच नाय," तो म्हणाला. "आईला समजावतो मी. फक्त अस्मिताचं बाळंतपन सुखरूप होऊ दे. मग लगेच…"

"आणि नाही झालं सुखरूप… तर?"

तो नखाने टेबलाची कड खरवडू लागला.

"पार्किंगमध्ये मी तिची ओटी भरली, रूपेश. तिने सांगितलंच असेल तुला. काही वाईट झालं तर माझ्या हातामुळे झालं, असं वाटेल तुला?"

"तसं नाय गं…" एवढंच म्हणाला. नजर मात्र वर आली नाही.

तो वाईट माणूस नव्हता. मला तो आवडायचा, अजूनही आवडतो. पण दर वेळी कुणाचं तरी सुखरूप होईपर्यंत दाराबाहेर थांबायचं, असा संसार मला जमला नसता. मी त्याला चहा दिला. त्याने तो पूर्ण प्यायला आणि गेला.

अस्मिताला मुलगी झाली. दोघी छान. रूपेशचा मेसेज आला, 'आता ये ना. आईपन बोलवते.' मी खूप वेळ तो वाचत बसले. मग माळ्यावर चढले, चार वर्षांचे कागद फाडले. आतून एक पिवळं दुपटं निघालं. ते अस्मिताला पाठवलं. त्याला उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अस्मिताने फोटो धाडला. पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेली चिमुकली जांभई.

मागच्या रविवारी खारघरच्या त्याच हॉलमध्ये डबा घेऊन गेले. रूपेश शिडीवर होता, पाठमोरा. मी दारात थांबले. माझी चाहूल त्याला लागली असावी. त्याचे हात थांबले, पण तो वळला नाही. वाट पाहत होता बहुतेक.

चंद्र वाकडा होता. मी काही बोलले नाही. डबा टेबलावर ठेवला आणि निघून आले.