काजळाच्या डबीतलं मलम

"ना बेटी, या हातात मी चुडी नाई भरत. पयले दवाखान्यात दाखव."

बांगडीवाल्या शाहजादीनं मोतीचा हात अलगद सोडून दिला. भर बाजारात, चारचौघींसमोर! मोतीच्या मनगटावर वाटोळा तांबडा डाग उठला होता, आणि तो ओढणीखाली लपवता लपवता तिची पुरेवाट झाली होती.

"गजकर्ण हाय," शेजारून कोणीतरी म्हणालं.

तिनं रागानं वळून पाहिलं. पांढरा सदरा, हातात आईसाठी घेतलेल्या बांगड्या, बोटांवर औषधाचे जांभळे डाग, आणि डोळे... डोळे मात्र हसरे.

"तुले कोन इचारलं?"

"कोनी नाई. पन याडीले घेऊन दवाखान्यात ये. मी तिथं कंपाउंडर हाय."

याडी म्हणजे आई. हा शब्द ऐकला आणि मोती चमकली. हा तर आपल्यातलाच! मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात बंजाऱ्याचा पोरगा औषधं देतो, हे तिच्या तांड्यात कोणाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती याडीबरोबर गेली. डॉक्टरांनी डाग पाहून मलम सांगितलं आणि कालच्या त्या कंपाउंडरनं, हेमसिंगनं, ते काचेच्या पाटीवर घोटायला घेतलं. त्या काळी औषधाला भांडं घरूनच न्यावं लागे. हिरीबाईनं, म्हणजे मोतीच्या याडीनं, काजळाची रिकामी डबी पुढे केली आणि रिवाजाप्रमाणे आधी गोत विचारलं.

"पवार," तो म्हणाला.

राठोडांच्या पोरीला पवार चालतो. मोतीला उगाचच बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिनं तोंड जास्तच वाकडं केलं.

"सकाळ-संध्याकाळ पातळ लावजो. डाग गेला असं वाटलं तरी लगेच थांबू नको. अन् हे तुह्या एकटीसाठी हाय, कोनाले देऊ नको."

"एवढीशी डबी, अन् केवढा हुकूम!"

तो हसला. डबी देताना त्याची बोटं तिच्या बोटांना निसटती लागली.

पण तांड्याची रीत वेगळी. तांड्यात जे येतं ते सगळ्यांचं. रानातली बोरं असोत, शिकार असो, की सगाईचा गूळ... हा गूळ तर घरोघरी खाल्ल्याशिवाय सोयरीक पक्की धरतच नाहीत. डबी उघडली तशा बायांचे तळवे पुढे आले. 'नाही' म्हणायला मोतीची जीभ उचलेना. कोणी मानेला लावलं, कोणी लेकराच्या डोक्याला. धनीबाईनं टाचेच्या भेगांत भरलं आणि झोंबलं तशी संध्याकाळभर साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. मलम तर दोन दिवसांतच संपलं. मोतीचा डाग फिका पडला, आणि मग चांगला कोपरापर्यंत चढून आला.

"संपलं? एवढ्यात?" ती पुन्हा दवाखान्यात आली तशी हेमसिंगनं विचारलं.

"वाटलं साऱ्याइले."

"काहून?"

"मंग काय करू? बायांसमोर डबी लपवू? तांड्यात राहाचं हाय मले!"

त्याचा राग तिथंच विरला. "लपवू नको," तो हळू म्हणाला. "पन बोरं वाटली तं सगळ्याइले गोडच लागतात, औषधाचं तसं नाई मोती. धनीबाईच्या भेगा येगळ्या, तुहा डाग येगळा. अन् थोडं थोडं लावलं की खाज दबते, जात नाई. तू असं कर, साऱ्याइले इथं घेऊन ये. ज्याले जे लागन ते डॉक्टर पाहून देतीन."

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. बाकीचं तिनं नंतर आठवून आठवून ऐकलं.

पुढच्या बाजारी अख्खा तांडा दवाखान्यात उतरला, प्रत्येकीच्या हातात आपापली डबी! हेमसिंग मलम घोटून घोटून घामाघूम झाला. मोती दाराशी टेकून त्याची गंमत बघत होती... आणि तो मान वर करून, तिची.

थंडी सरली. डाग गेला, तरी मोतीनं सांगितल्यासारखं मलम लावलं. मनगट साफ झालं. आता दवाखान्यात कोणत्या तोंडानं जायचं?

तरी ती गेली.

"खाजते," तिनं हात पुढे केला.

त्यानं तिचं मनगट खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"इथं तं काईच नाई."

"आतून खाजते."

त्याला हसू आवरेना. पण त्यानं मान हलवली. "मलम नाई भेटनार. गरज सरली की औषध बंद."

"म्हंजे... मी आता येऊ नको?" तिचे डोळे भरून आले.

"मलमासाठी नको येऊ."

त्यानं तिची डबी घेतली, गरम पाण्यानं धुतली, पुसून कोरडी केली. मग शिदोरीच्या फडक्यातून गुळाचा एक खडा काढून तिच्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"हे याडीले दाखवजो," तो म्हणाला. "अन् वाटू नको... आत्ताच."

मोतीनं डबी घेतली आणि तांड्याची वाट धरली.

तांड्यात पाऊल टाकताच बायांनी घेरलं. "काय आनलं व? आमचा वाटा?"

"आज नाई," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा! डबी मुठीत घट्ट धरून ती सरळ घरात गेली आणि याडीपुढे उघडून उभी राहिली.

हिरीबाईनं गुळाकडे पाहिलं. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर डोळ्यांना लावून ती हसली.

"एवढ्याशा खड्यानं तांड्याले काय पुरते? त्याच्या बापाले म्हन, गुळाची भेली घेऊन ये."